पाटी आणि फडताळ

मेढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगून समजायचा नाही. केळघरचा घाट चढलं की महाबळेश्वर. म्हणजे आम्ही त्याच्या अंगणातच राहतो म्हणा ना! तिकडे कोसळलेलं पाणी वेण्णेतून आमच्या गावावरून कण्हेरच्या धरणाकडे जातं आणि जाता जाता घराच्या भिंती, गाद्या, पापडांचे डबे या सगळ्यांची चौकशी करून जातं. आषाढात कपाट उघडावं, तर चामड्याच्या चपलांना पांढरी दाढी आलेली असते. २०२३च्या जुलैत ओलीची ही पाळी माझ्या लॅपटॉपवर आली. सलग चार दिवस सूर्य दिसला नव्हता, वीज येत-जात होती. पाचव्या दिवशी बटण दाबलं, तर पंखा एकदा घरघरला आणि पडदा काळाच राहिला.

लॅपटॉप नऊ वर्षांचा. माझं सगळं लिखाण त्यात. एसटीने साताऱ्याला नेला. दुरुस्तीवाल्या मुलाने तो उघडून दाखवला. आतल्या तांब्याच्या तारांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलं होतं. "ताई, मदरबोर्ड गेला. अकरा हजार लागतील आणि पुढची हमी मी देणार नाही." मग त्याने आतली हार्ड डिस्क काढली, एका छोट्या डबीत घातली आणि माझ्या हातात ठेवली. "ही मात्र शाबूत आहे. जपून ठेवा." मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि घरी आल्यावर देवघराखालच्या फडताळात टाकली. त्या डबीत काय आहे, याचा विचार मी तेव्हा फारसा केला नाही. पुढे तो करावा लागला.

मुलगा पुण्याला असतो. फोनवर रडगाणं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "आई, तुला लॅपटॉप हवाच कशाला? तू त्यावर करतेस काय?"

प्रश्न मला झोंबला. ज्या बाईने आयुष्यभर कचेरीत टंकलेखन केलं, तिला हा काल जन्मलेला मुलगा विचारतो, तू करतेस काय! पण रात्री शांतपणे यादी केली. वर्तमानपत्रांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लेख. बचत गटाचे हिशेब. बँक, विजेचं बिल. सातबारा काढणं. ई-मेल. नातीशी व्हिडिओवर गप्पा. रात्री थोडं वाचन. यादी संपली. त्यात असं एकही काम नव्हतं, ज्यासाठी अडीच किलोचं यंत्र मांडीवर घेऊन बसायला हवं.

तेव्हा टॅब आला. अकरा इंचांचा पडदा, त्याला चिकटणारी कळफलकाची खोळ आणि एक लेखणी. टॅब सव्वीस हजारांचा, पण खोळ आणि लेखणी धरून आकडा चौतीस हजारांवर गेला. "एवढ्यात साधा लॅपटॉप आला असता की," असं आमच्या अहोंनी म्हटलं आणि ते खरंच होतं. टॅब स्वस्त पडतो, हा समज दुकानात पोचेपर्यंतच टिकतो. नुसता टॅब म्हणजे मोठा फोन. त्याला लॅपटॉपच्या कामाला जुंपायचं, तर खोगीर, लगाम सगळं वेगळं विकत घ्यावं लागतं.

पहिले तीन आठवडे माझे हाल झाले, हे कबूल करते. मी १९८२ साली साताऱ्यात मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली होती. ती मांडणी बोटांत इतकी मुरलेली, की झोपेतसुद्धा चुकू नये. लॅपटॉपवर ती मी घालून घेतली होती. माझ्या टॅबच्या खोळीवर ती मिळेना. मिळाली ती 'इन्स्क्रिप्ट'. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा 'क'पासून सुरुवात! पण मांडणी शहाण्याने केलेली आहे, हे आठवड्याभरात लक्षात आलं. जसं उच्चारावं त्या क्रमाने टाइप करावं: आधी व्यंजन, मग त्याची वेलांटी. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी ठोकावी लागे, कारण कागदावर ती आधी दिसते. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे याच वेलांटीने मला रडवलं.

लिहायचा कंटाळा आला, तर बोलूनही लिहिता येतं. गूगलने २०१७ साली मराठीसह आठ भारतीय भाषांत ही सोय आणली. आपण बोलायचं, टॅब लिहितो. बहुतेक बरं लिहितो, पण मी 'दऱ्या' म्हटलं की तो 'दर्या' लिहितो. जावळीच्या दऱ्याखोऱ्यांबद्दल एक परिच्छेद सांगितला आणि वाचून पाहिला, तर माझ्या तालुक्यात समुद्रच समुद्र! अहो म्हणाले, "खोटं काय आहे त्यात? बामणोलीला जाऊन बघ." बामणोली आमच्याच तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाच्या काठावर. त्या जलाशयाचं नाव शिवसागर. मी हसले, पण ते वाक्य मनात कुठेतरी राहिलं.

हात बसल्यावर मात्र टॅबचे गुण एकेक करून दिसू लागले. पहिला गुण पावसातलाच. याला पंखा नाही. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि त्या हवेबरोबर आमची ओल आणि धूळ आत जाते. टॅबमध्ये फोनच्या जातीची चिप असते. तिचं मूळ घराणं इंग्लंडमधलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली पहिली एआरएम चिप तयार केली. ती इतकी कमी वीज खायची, की पुढे जगातले जवळजवळ सगळे मोबाइल फोन याच घराण्यावर उभे राहिले. वीज कमी म्हणून उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून पंखा नको, पंखा नको म्हणून भोकं नकोत. पत्र्यावर पाऊस वाजतोय, वीज दुपारपासून गेलेली आहे आणि मी रात्री दहाला लेख पुरा करतेय, हे लॅपटॉपवर कधी जमलं नव्हतं. संपलीच बॅटरी, तर फोनच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवरही भागतं.

दुसरा गुण प्रवासातला. मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर. एसटीत लॅपटॉप उघडायची सोय नसते आणि धाडसही होत नाही. टॅब वहीसारखा हातात धरता येतो. लेखाची मुद्रितं मी आता गाडीतच तपासते. लेखणीने पडद्यावरच काट मारायची, समासात खूण करायची. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी बराच वेळ हे पाहिलं आणि विचारलं, "पाटी का ही?" मी म्हटलं, "पाटीच हो."

आणि आहेच ती पाटी. टॅब्लेट या शब्दाचा जुना अर्थही लिहायची फळी असाच आहे. अमेरिकेतल्या ॲलन के या संगणकतज्ज्ञाने १९७२ साली एका निबंधात अशा पाटीचं चित्र रंगवलं होतं. नाव 'डायनाबुक', आकार वहीएवढा, आणि वापरणारी होती लहान मुलं. तेव्हा ती बनवणारी यंत्रणा जगात नव्हती. पुढे २७ जानेवारी २०१० रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झनी आयपॅड दाखवला तो व्यासपीठावर खुर्ची मांडून, तिच्यात रेलून. फोन आणि लॅपटॉप यांच्यामधली वस्तू, असं त्याचं वर्णन होतं. म्हणजे टॅब जन्मला तो आरामात वाचायला, बघायला. त्याच्याकडून मेजावरची कामं करून घ्यायची हौस लोकांना नंतर आली. आयपॅडला माउस नीटपणे जोडता यायला २०२० साल उजाडावं लागलं.

आपल्याकडेही पाटीची स्वप्नं कमी पडली नाहीत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब मोठ्या थाटात आला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब, विद्यार्थ्यांसाठी! सात इंचांचा पडदा, पण बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं, आणि बॅटरी लवकर दमायची. ते आकाश फार काळ टिकलं नाही. मात्र दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी देशाचा अर्थसंकल्प लाल खोळीतल्या टॅबवरून वाचला. त्याआधी २०१९ साली त्यांनी बॅग सोडून लाल कापडातली चोपडी हातात घेतली होती. चोपडीच्या जागी टॅब आला, खोळ तीच राहिली. आज 'महाज्योती'सारखी राज्य सरकारची संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते. आमच्या गल्लीतही रात्री अकराला खिडकीत निळा उजेड दिसला, की कुणीतरी अभ्यास करतंय असं आपण मानतो. मानायला काय हरकत आहे!

आता दुसरी बाजू. बचत गटाचा हिशेब एका हुशार मुलीने लॅपटॉपवर असा बांधून दिला होता, की एक बटण दाबलं की प्रत्येकीचं व्याज निघायचं. टॅबवर ती फाइल उघडली, आकडे दिसले, बटण मात्र चालेना. टॅबवरच्या ॲपमध्ये ती आतली आज्ञावली चालतच नाही. अहो एका संस्थेचे सचिव आहेत. संस्थेच्या कामाला डिजिटल सहीची एक पेनड्राइव्हसारखी काडी लागते. तिचं सॉफ्टवेअर विंडोज मागतं. ते अजून शेजाऱ्यांच्या संगणकावर जातात, चहा पिऊन सही करून येतात. दुरुस्तीचं म्हणाल, तर लॅपटॉप उघडणारी मुलं साताऱ्यात चार भेटतात. टॅबची काच फुटली, तर नवा टॅब घ्या असाच सल्ला मिळतो.

पण या अडचणींपेक्षा मोठी गोष्ट मला माझ्या नातीने दाखवली. दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती. वय अकरा. टॅबवर तिचे हात असे चालतात, जसे माझ्या आईचे जात्यावर चालायचे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आपल्या तालुक्याचा सुरेख नकाशा काढला. मी म्हटलं, "मला पाठव, मी ठेवते. फाइल कुठे आहे?"

"ॲपमध्ये."

"ॲपमध्ये म्हणजे कुठे?"

"अगं आजी, ॲपमध्येच!"

तिच्या लेखी कपाट, खण, पाकीट असलं काही नव्हतं. आम्ही संगणक शिकलो ते फोल्डर म्हणजे कचेरीतलं पाकीट आणि फाइल म्हणजे त्यातला कागद, अशा हिशेबाने. टॅबमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत आपलं सामान ठेवतं आणि खोलीची किल्ली बहुधा एखाद्या खात्याला बांधलेली असते. 'फाइल्स' म्हणून कोपऱ्यात एक कपाट असतं, पण तिकडे जायची गरजच सहसा पडत नाही. पुढच्या वर्षी तिची शाळा बदलली. जुन्या शाळेने दिलेलं खातं बंद झालं आणि त्याबरोबर दोन वर्षांची चित्रं गेली. तिला फारसं वाईट वाटलं नाही. "पुन्हा काढीन," म्हणाली. मला मात्र त्या रात्री फडताळातली डबी आठवली.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. अण्णा प्राथमिक शिक्षक होते. १९५५ साली कोयनेच्या खोऱ्यात त्यांना पहिली शाळा मिळाली. पुढच्याच वर्षी धरणाचं काम सुरू झालं. पाच-सहा वर्षांत त्यांच्या शाळेतली मुलं, मुलांची घरं, शाळेची इमारत आणि समोरचं देऊळ असं सगळंच पाण्याखाली जायचं ठरलं. माणसं कुठे ठाण्याकडे, कुठे कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात, कुठे सोलापूरकडे विखुरली. अण्णांच्या हजेरीपटावरची नावं चार जिल्ह्यांत पांगली. निवृत्तीनंतर त्यांनी एक उद्योग केला. एसटीने, पायी, ओळखीपाळखीने या माणसांना शोधत ते हिंडले. कोण कुठे गेलं, जमीन केव्हा मिळाली, मिळाली की नाही, कुणाच्या घरासमोर कोणतं झाड होतं, हे सगळं ते वह्यांत लिहीत. आई गेल्यावर ते आमच्याकडे मेढ्याला राहायला आले. मुलीच्या घरी राहायचं म्हणून आधी संकोचले, मग रमले. २००३ साली, सदुसष्टाव्या वर्षी, मुलाच्या जुन्या संगणकावर ते मराठी टंकन शिकले आणि त्या वह्या एकेक करून उतरवू लागले. उतरवली की वही रद्दीत. "आता संगणकात आहे ना," म्हणत. २०१६ साली ते गेले. मागे सत्तावीस फायली राहिल्या. त्या मी लॅपटॉपमध्ये घेतल्या होत्या आणि कधीतरी निवांत वाचीन म्हणून ठेवून दिल्या होत्या.

डबी टॅबला जोडली. जोडता येते, त्यासाठी छोटी पिन मिळते. सत्तावीसही फायली दिसल्या. जीव भांड्यात पडला. पहिली उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, टोप्या घातलेले परदेशी स्वर यांचा नुसता शेवयांचा गुंता. दुसरी तशीच. तिसरी तशीच. सत्तावीसही.

हे का झालं, ते मला नंतर कळलं, आणि ते प्रत्येक मराठी घराने जाणून घ्यावं असं आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. पूर्वी त्याच्याकडे इंग्रजीपुरते मोजके खण होते. मग आपल्याकडच्या फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्याच खणांत मराठी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसायचं, पोटात मात्र इंग्रजीचेच क्रमांक. शिवाय एकाने 'क' एका खणात ठेवला, दुसऱ्याने भलत्याच. हे एकसारखं व्हावं म्हणून प्रयत्न झाले नाहीत, असं नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक आलं आणि त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांचं युनिकोडही आलं. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ खणांचा स्वतःचा पेटारा आहे. तिथला 'ळ' कोणत्याही देशातल्या कोणत्याही यंत्रावर 'ळ'च राहतो. पण छापखाने, कचेऱ्या आणि घरोघरचे अण्णा पुढे कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टांत लिहीत राहिले. ज्या यंत्रात तो फॉन्ट, त्यातच ते मराठी. लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट होता. तो मेला आणि अण्णा इंग्रजी बोलू लागले.

साताऱ्यात एका डीटीपीवाल्याकडे विंडोजचा संगणक आणि फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर होतं. दोन संध्याकाळी त्याच्याकडे बसले. त्या टॅबने मला जे करू दिलं नसतं, ते त्याच्या जुन्या, कळकट संगणकाने केलं. गुंत्यातून हळूहळू मराठी वर येऊ लागली. पण नीट नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी टंकयंत्राप्रमाणे अक्षराआधी, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. सॉफ्टवेअरने ती उचलून पलीकडे ठेवायची असते. जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. आणि सगळ्यांत वाईट गत झाली आडव्या रफाराची. 'शेतकऱ्यांनी', 'दऱ्या', 'कऱ्हाड'. अण्णांच्या लिखाणात दर दोन ओळींना शेतकरी, आणि त्याच्या पोटात एक प्रश्नचिन्ह!

त्या दुरुस्तीला सात महिने लागले आणि ती मी सबंध टॅबवर केली. हे सांगायला हवं, कारण नाहीतर टॅबवर अन्याय होईल. गॅलरीत, एसटीत, रात्री अंथरुणात, जिथे वेळ मिळेल तिथे. अहो मोठ्याने वाचायचे, मी लेखणीने खूण करायची. लॅपटॉपसमोर ताठ बसून सात महिने मी हे केलं नसतं. इतकी वर्षं लॅपटॉपमध्ये त्या फायली होत्याच की! मी त्या एकदाही वाचल्या नव्हत्या. फडताळात ठेवलेल्या वस्तूचं असंच होतं: ती राहते, पण हाताशी येत नाही.

पुढे एका उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यात एका लग्नाला गेलो. कोयनेवरून उठून गेलेल्यांच्या वस्तीतलं लग्न. मांडवात एका बाईशी ओळख निघाली. ऐंशीच्या घरातल्या, त्या गावच्या लेकी. मास्तरांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, "मावशी, अण्णांनी तुमच्या गावाचं सगळं लिहून ठेवलंय."

"माज्या बापाचं नाव हाय का त्यात?"

टॅब काढला. वरच्या खिडकीत नाव लिहिलं, आणि क्षणात सत्तावीस फायलींतून ते पान समोर आलं. युनिकोडचा हा मोठा फायदा. जुन्या फॉन्टात असा शोध लागला नसता. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या, तेही अण्णांच्याच शाळेत. अक्षर अक्षर लावत त्यांनी वडिलांचं नाव वाचलं. पुढे घराची ओळ होती: दोन खणांचं घर, परड्यात फणस. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. बोटाबरोबर पान सरकलं आणि नाव निघून गेलं. मी परत आणलं. त्यांनी पुन्हा हात लावला, पुन्हा गेलं.

"कागदावर न्हाई का गं ह्ये?" त्या म्हणाल्या. "ह्ये हातातनं निसटतंय."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पावसाळ्याआधी सातारच्या छापखान्यात चाळीस प्रती काढल्या. साधी बांधणी. एक आमच्या वाचनालयात ठेवली, बाकीच्या एकेका वस्तीत पोचवल्या. पहिली मावशींना.

आता कुणी विचारलं, की लॅपटॉपऐवजी टॅब घेऊ का, तर मी आधी माझ्या मुलाचाच प्रश्न विचारते: तुम्ही त्यावर करता काय? ती यादी लिहून काढा. वाचन, लेखन, पत्रव्यवहार, बिलं एवढंच असेल, तर खुशाल घ्या, मजेत राहाल. डिजिटल सही, अवघड हिशेब, छपाईचं काम असेल, तर दुसऱ्याच्या संगणकावर चहा प्यायची तयारी ठेवा. घरात जुन्या फॉन्टातलं लिखाण असेल, तर जुना संगणक सुरू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये आणा. विकायच्या आधी, भंगारात टाकायच्या आधी. आणि टॅबवर जे कराल, त्यातलं राखायचं ते दोन ठिकाणी उतरवा, त्यातलं एक घराबाहेर असू द्या. अगदी जिवाभावाचं असेल, ते कागदावर घ्या. पाटीवर लिहायला मजा येते, पण वहीत उतरवून घ्या असं आमचे मास्तर सांगत, ते उगाच नव्हे.

मी त्यासाठी दिवस ठरवला आहे. दसऱ्याला आमच्याकडे अजून पाटीपूजन होतं. दगडी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, झेंडूची फुलं वाहायची. गेल्या दसऱ्याला पाटीशेजारी टॅब ठेवला आणि पूजा झाल्यावर वर्षभराचं लिखाण त्यातून काढून डबीत घेतलं. नात शेजारी बसली होती. तिचा नवा नकाशाही घ्यायला लावला. तिने विचारलं, "आजी, हे कशाला?"

मी फडताळ उघडलं आणि अण्णांच्या पुस्तकाची आमच्याकडे उरलेली एक प्रत तिच्या हातात दिली. दुपारभर ती ओसरीवर पालथी पडून वाचत होती. टॅब देव्हाऱ्यापुढेच राहिला होता.